गुडघ्याखालची रजई

"फुगडी? वो क्या होता है?" एमआरआयची फिल्म उजेडाच्या पेटीवर लावता लावता डॉक्टरांनी विचारलं.

मी सांगायला लागले. दोन बायका समोरासमोर उभ्या राहतात, पाय जुळवतात, एकमेकींचे हात घट्ट धरतात, मागे रेलतात आणि गरगर फिरतात. डॉक्टर मान हलवत होते, पण नजर फिल्मवर. माझं सांगून पुरं व्हायच्या आत ते म्हणाले, "आपका एसीएल पूरा टूट गया है. कम्प्लीट टिअर."

"पण मी तर चालत आले!" मी हिंदीतच म्हणाले, जरा चिडूनच.

"चलकर तो सब आते हैं, मैडम."

एसीएल म्हणजे अँटिरिअर क्रुशिएट लिगामेंट. मांडीचं हाड आणि नडगीचं हाड गुडघ्याच्या आत जिथे भेटतात, तिथे त्यांना बांधून ठेवणारी आखूड, चिवट दोरी. नडगी पुढे सरकू नये आणि गुडघा पिळला जाऊ नये हे तिचं काम. ती एकदा पूर्ण तुटली की सहसा आपली आपण जुळत नाही. तिच्या जागी नवी दोरी घालावी लागते, त्याला म्हणतात एसीएल रिकन्स्ट्रक्शन. हे सगळं डॉक्टरांनी प्लास्टिकचा गुडघा हातात घेऊन नीट समजावलं. माझ्या डोक्यात मात्र दुसरंच चाललं होतं. मला बाबांचा पाय दिसत होता.

मी शाळेत असताना बाबा कराडला मोटरसायकलवरून पडले आणि गुडघ्याजवळ हाड मोडलं. प्लास्टर निघालं, पण पाय काही सरळ झाला नाही. पुढे आयुष्यभर ते वाकलेल्या गुडघ्याने, मांडीवर हात दाबत चालले. बाजारात गेले की पोरं मागून त्यांची नक्कल करायची. बाबा हसून सोडून द्यायचे, मी मात्र दगड उचलायची. त्यांना जाऊन आता बरीच वर्षं झाली, पण ती चाल माझ्या डोळ्यांपुढून गेलेली नाही. म्हणून सांगते, ऑपरेशनची भीती मला होतीच, पण तिच्याहून मोठी भीती ही होती की मी बाबांसारखी चालेन.

आता हे सगळं झालं कसं ते सांगते. मंदार, माझा नवरा, बँकेत आहे. बदली होऊन आम्ही जयपूरला आलो आणि शास्त्री नगरमध्ये दुसऱ्या मजल्यावर घर घेतलं. इथल्या मराठी बायकांनी श्रावणात मंगळागौर ठेवली होती. हॉलमध्ये गुळगुळीत फरशी, तिच्यावर सतरंजी. माझी जोडीदार होती वर्षा, मंदारच्या बँकेतल्या एकाची बायको. आम्ही दोघी इरेला पेटलो होतो, सगळ्या ओरडत होत्या. तेवढ्यात वर्षाचा हात निसटला. माझं अंग फिरलं आणि पाय सतरंजीच्या चुणीत तसाच अडकून राहिला. गुडघ्यात कट्‌ असा आवाज आला. तो मला ऐकू आला म्हणण्यापेक्षा आतून जाणवला.

शहाण्या माणसाने तिथेच थांबावं की नाही? मी उठले, दोन पावलं टाकून बघितली आणि "काही नाही गं, ये" म्हणत पुन्हा फुगडी घातली! घरी येईतो गुडघा टम्म. मग तेल झालं, क्रेप बँडेज झालं, "लचकलंय, बसेल" असं सगळ्यांनी सांगून झालं. सूज उतरली आणि मीही विसरले. मी वैशाली नगरच्या एका नर्सरीत शिकवते. एके दिवशी एका रडक्या पोरीला कडेवर घेऊन वळले आणि गुडघा जागच्या जागी सटकला. पोरीला धरूनच खाली बसले. तिला काही झालं नाही, पण मला दरदरून घाम फुटला. दुसऱ्या दिवशी हॉस्पिटल गाठलं.

ऑपरेशन लगेच करत नाहीत. आधी उरलीसुरली सूज उतरवायची, गुडघा पूर्ण वाकवायचा, पूर्ण सरळ करायचा, मांडीत ताकद आणायची आणि मग तारीख. त्या मधल्या काळात माझ्यापुढे एक प्रश्न आला, जो मला कधी पडेल असं वाटलं नव्हतं. नवी दोरी आणायची कुठून?

या दोरीला ग्राफ्ट म्हणतात, आणि ती बहुतेक वेळा आपल्याच अंगातून काढतात. मला वाटलं होतं बाजारात मिळत असेल! डॉक्टरांनी तीन जागा दाखवल्या. पहिली, गुडघ्याच्या वाटीखालचा पटेलर टेंडन. टेंडन म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणारा पट्टा. त्याची मधली पट्टी दोन्ही टोकांच्या हाडाच्या तुकड्यांसकट काढतात. हाडात हाड लवकर धरतं, म्हणून खेळाडूंना बऱ्याचदा हा देतात. पण पुढे गुडघे टेकून बसताना तिथे दुखू शकतं. दुसरी, वाटीच्या वरचा क्वाड्रिसेप्स टेंडन. चांगला जाडजूड, पण मांडीच्या पुढच्या स्नायूची ताकद परत यायला वेळ लागतो. तिसरी, हॅमस्ट्रिंग, म्हणजे मांडीच्या मागच्या बाजूचे टेंडन, ज्यांना आपण बोलताना नसा म्हणतो. त्यातल्या दोन काढून, दुमडून, चार पदरी करतात. पुढून दुखणं कमी. पण ही नुसती नस, हाड नाही, म्हणून हाडात धरायला वेळ जास्त, आणि मांडीचा मागचा भाग काही महिने कमजोर आणि आखडलेला राहतो.

"आप काम क्या करती हैं?" त्यांनी विचारलं.

"नर्सरीत शिकवते. दिवसभर गुडघ्यांवरच असते."

"तो हैमस्ट्रिंग सोचिए. पर सोचना आपको है."

सोचना आपको है! अहो, मी भाजीवाल्याकडे भेंडी निवडताना दहादा विचार करते. माझ्याच पायातली कुठली दोरी कापायची हे मी ठरवू? घरी आल्यावर मंदार मोबाईल घेऊन बसला. त्याने इतके व्हिडिओ पाहिले, की जेवताना पोळीचा तुकडा दुमडून मला चार पदरी ग्राफ्ट दाखवायला लागला. मी त्याच्यावर खेकसले, "तुझ्या पायातून काढ की मग!" त्या बिचाऱ्याने तो तुकडा खाऊन टाकला. मग मीच रडले. मला कळत होतं की तोही घाबरलाय.

शेवटी मी हॅमस्ट्रिंगच निवडली. तुम्हाला निवडायची वेळ आली तर माझं बघून निवडू नका. तुम्ही काय काम करता, कसे बसता, खेळता का, जिने किती चढता, हे डॉक्टरांना सगळं सांगा आणि मग विचारा. एक गोष्ट मात्र मी विचारली नाही, ती तुम्ही नक्की विचारा. जिथून दोरी काढणार, तिथे नंतर काय होईल, आणि घरी आम्ही काय करायचं नाही? मी फक्त नव्या दोरीचा विचार केला. काढलेल्या जागेचा विचार माझ्या मनातही आला नाही.

नवरात्र संपता संपता ऑपरेशन झालं. आई कराडहून आदल्या दिवशीच आली होती. पाठीच्या कण्यात इंजेक्शन देतात, त्याला स्पायनल अ‍ॅनेस्थेशिया म्हणतात. कमरेखालचा भाग बधिर होतो, आपण जागे. सुई टोचताना एका सिस्टरने माझे खांदे धरले होते. मी तिला इतकं घट्ट पकडलं, की तिला म्हणावं लागलं, "दीदी, साँस लो." थोड्या वेळाने पाय जड झाले आणि मग नाहीसेच झाले. मी अंगठा हलवायचा हुकूम सोडत होते आणि तो ऐकत नव्हता. त्या क्षणी मला जेवढी भीती वाटली तेवढी आधी कधी वाटली नव्हती.

शस्त्रक्रिया दुर्बिणीतून करतात. दोन बारीक छिद्रं आणि नस काढायला गुडघ्याखाली आतल्या बाजूला एक छोटा छेद. समोरच्या पडद्यावर माझा गुडघा आतून दिसत होता. मी बघणार नाही म्हणाले होते, तरी बघितलंच. पांढरं, पाण्यात बुडाल्यासारखं, आणि त्यात तुटलेल्या दोरीच्या चिंध्या हलत होत्या. डॉक्टरांनी त्या साफ केल्या. बाजूच्या टेबलावर दुसरे डॉक्टर माझ्या काढलेल्या नसा शिवत होते, मापत होते. मग ड्रिल सुरू झालं. नडगीच्या हाडात एक बोगदा, मांडीच्या हाडात एक. दुखत काही नव्हतं, पण सगळं अंग थरथरत होतं आणि तो आवाज थेट दातांत येत होता. मी मोठमोठ्याने रामरक्षा म्हणायला लागले. कुणी हसलं नाही. दोरी खालून वर ओढली, वरच्या टोकाला धातूचं छोटं बटण हाडाच्या पलीकडे अडकवलं, खालच्या टोकाला स्क्रू बसवला. डॉक्टरांनी गुडघा वाकवून, सरळ करून बघितला. "बढ़िया. पूरा सीधा आ रहा है," ते म्हणाले. हे वाक्य मी नंतर किती वेळा आठवलं असेल!

दोन दिवसांनी घरी सोडलं. निघताना फिजिओथेरपिस्ट सुमनजींनी सूचना दिल्या, पण मी दुखण्याच्या औषधाने झिंगलेली, मंदार खाली औषधं आणायला गेलेला आणि आई घरी माझ्यासाठी खिमट करत होती. काय सांगितलं ते आमच्यापैकी कुणाच्याच डोक्यात शिरलं नाही.

घरी मांडीच्या मागून कळा सुरू झाल्या. जिथून नस काढली होती तिथला स्नायू आखडायचा आणि गुडघा आपोआप वर यायचा. पाय सरळ ठेवला की जीव जायचा. आई माझ्या पायाशी बसली होती. तिने इकडेतिकडे बघितलं, गोधडी दिसेना, मग पलंगावरची जयपुरी रजई घेतली, घट्ट गुंडाळी केली आणि माझ्या गुडघ्याखाली सरकवली. आहाहा! कळ थांबली. इतक्या दिवसांत पहिल्यांदा मी निवांत श्वास घेतला.

"आता बरं वाटतंय ना?" आई म्हणाली. "तुझ्या बाबांना पण असंच बरं वाटायचं."

आमच्या घरात दुखऱ्या पायाला असंच निजवतात. गुडघ्याखाली मऊ काहीतरी, वर पांघरूण, पाय मुळीच हलवू द्यायचा नाही. आईने अगदी तसंच केलं. रजई सरकली की ती उठून नीट करायची. सुमनजींनी हॉस्पिटलात करून घेतलेले व्यायाम करताना मी कळवळले की आई म्हणायची, "राहू दे गं आज, उद्या कर." आणि मी राहू द्यायची. मला तेच हवं होतं. मंदार एकदोनदा बोलला, "करायला पाहिजे ना?" त्यावर आम्ही मायलेकींनी त्याच्याकडे असं काही बघितलं, की तो चहा टाकायला निघून गेला.

टाके काढायला गेलो तेव्हा डॉक्टरांनी मला उताणं झोपवलं आणि पाय सरळ करायला सांगितला. मी केला. ते म्हणाले, "और." मी म्हटलं, झाला की. त्यांनी माझ्या गुडघ्याखाली हात घातला. त्यांची अख्खी मूठ मावली.

त्यांचा चेहरा बदलला. "घर पे घुटने के नीचे कुछ रखती हैं?"

मी रजईचं सांगितलं. ते रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी शांतपणे सांगितलं की वाकलेल्या गुडघ्याला आराम वाटतो, पण तो तसाच ठेवला तर आतलं सगळं त्याच मापाने आखडतं, दोरीच्या पुढे जखमेचा गोळा तयार होऊ शकतो, आणि मग गुडघा सरळ होतच नाही. याला एक्स्टेन्शन लॉस म्हणतात. ग्राफ्ट कुठलाही असो, कितीही छान बसवलेला असो, गुडघा सरळ झाला नाही तर माणूस लंगडतो. "अभी वक़्त है. नहीं हुआ तो दोबारा अंदर जाना पड़ेगा."

दोबारा. पुन्हा ती सुई, ते नाहीसे झालेले पाय, ते ड्रिल. आणि त्यानंतरही बाबांची चाल. मी तिथेच, टेबलावर, लहान मुलीसारखी रडले.

आई खोलीच्या दारात उभी होती. तिला हिंदी बोलता येत नाही, पण टीव्ही बघून बघून समजतं बऱ्यापैकी. घरी आल्यावर तिने गुडघ्याखालची रजई उलगडली, घडी केली आणि कपाटाच्या सगळ्यात वरच्या फळीवर ठेवून दिली. मग स्वयंपाकघरात जाऊन दार लोटून घेतलं. आत ती रडत होती हे मला कळलं. मला तिचा राग आला होता आणि तिची दयाही येत होती, दोन्ही एकदम.

सुमनजी घरी यायला लागल्या. त्यांनी शिकवलेला मुख्य व्यायाम दिसायला अगदी साधा. पालथं झोपायचं, मांडी पलंगावर आणि गुडघ्यापासून खालचा पाय पलंगाबाहेर लोंबता. पाय आपल्या वजनाने खाली जातो आणि गुडघा उघडतो. त्याला प्रोन हँग म्हणतात. उताणं असलं की टाचेखाली टॉवेलची गुंडाळी आणि गुडघा अधांतरी. टाचेखाली बरं का, गुडघ्याखाली नाही! थोड्या दिवसांनी घोट्याला वजनही बांधायचं. ऐकायला काहीच नाही, पण मांडीच्या मागून जी आग उठते तशी आयुष्यात कधी उठली नव्हती. मी उशी चावायची. मंदारला शिव्या घालायची. सुमनजींना मनातल्या मनात घालायची.

पहिले दोन दिवस आई गच्चीवर जाऊन बसली. तिसऱ्या दिवशी मी ओरडत होते, तर ती आत आली. मला वाटलं, आता म्हणणार, राहू दे. तिने पदर खोचला, माझ्या पायाशी बसली आणि सुमनजींना खुणेने विचारलं, कुठे धरू? सुमनजींनी तिचा हात माझ्या टाचेच्या वर ठेवून दिला. आईने हळूहळू भार दिला.

"आई, सोड!"

"नाही सोडणार."

"आई गं, सोड ना, मरते मी!"

"ओरड हवी तेवढी," आई म्हणाली. तिचा आवाज कापत होता, हात मात्र नाही.

त्यानंतर रोज तीच बसायची. दिवाळी आली नि गेली, करंज्या विकतच्या आणल्या. थंडी पडली तशी आम्ही गच्चीवर उन्हात सतरंजी टाकून व्यायाम करायला लागलो. शेजारच्या गच्चीवर पापड वाळत घालणाऱ्या बाई रोज विचारायच्या, "आज कितना हुआ?" मूठ मावायची तिथे हळूहळू तळहात मावायला लागला, मग चार बोटं, मग दोन. अधेमधे काही दिवस काहीच फरक पडायचा नाही. ते दिवस फार वाईट गेले. पहाटे जाग आली की मी पांघरुणातच गुडघ्याखाली हात घालून बघायची आणि हात आत गेला की उजाडायची वाट न बघता पालथी व्हायची.

मग एका तपासणीला डॉक्टरांनी हात घालायला बघितलं आणि तो गेला नाही. त्यांनी पुन्हा बघितलं. दोन्ही टाचा धरून पाय शेजारी शेजारी ठेवले. "सीधा है. दोबारा नहीं जाना," ते म्हणाले. मी आईकडे बघितलं. ती भिंतीवरच्या गुडघ्याच्या चित्राकडे बघत उभी होती.

अजून माझं सगळं झालेलं नाही. नवी दोरी पहिले काही महिने उलट कच्ची होते आणि मग हळूहळू मुरते, असं डॉक्टर सांगतात. फुगडी तर विसराच. नर्सरीत सध्या खुर्चीवर बसून शिकवते, पोरं माझ्या मांडीशी येऊन उभी राहतात. भीती गेली म्हणणार नाही. जिना उतरताना अजून कठड्याला हात जातो.

तुमच्यापैकी कुणी या वाटेवर असेल तर एवढंच सांगते. ग्राफ्टबद्दल हवं तेवढं विचारा, तो तुमचा हक्क आहे. पण सूचना देतील तेव्हा घरी तुमच्या पायाशी जे माणूस बसणार आहे, त्याला हाताला धरून आत घेऊन जा. त्याच्या भाषेत त्याला समजावून सांगा. काय करायचं नाही, ते आधी सांगा. जीव लावणारं माणूस तुम्हाला दुखू नये म्हणूनच झटणार, आणि या दुखण्यात नेमकं तिथेच चुकतं.

आई कराडला परत निघाली त्याच्या आदल्या दुपारी आम्ही दोघी गच्चीवर बसलो होतो. ती माझे पाय चेपत होती. मध्येच थांबली.

"तुझ्या बाबांचा पाय पण... मी गोधडी ठेवायची, त्यामुळेच राहिला असेल का गं तसा?"

खोटं सांगावं असं फार वाटलं. हाड मोडलं होतं, ते वेगळं होतं, असं म्हणता आलं असतं. पण इतके आठवडे माझी टाच धरून बसलेल्या बाईला मी काय फसवणार?

"असेल, आई," मी म्हणाले. "पण तुला तेव्हा कुणी सांगितलंच नव्हतं."

तिने माझा पाय आपल्या मांडीवर ओढून घेतला आणि गुडघ्यावर हात ठेवला.

"सांगितलं असतं ना, तर मी केलं असतं गं. ते ओरडले असते, मी रडले असते, पण केलं असतं."

"माहितीये मला," मी म्हणाले. "माझं केलंस की."